पावसाळी रानभाज्या: ओळख, खाज, कडूपणा आणि फसवणारे जुळे

रानपारखी

मृगाचे दोन-चार पाऊस झाले की ठाणे, पालघर, रायगडच्या बाजारात शेवळं, टाकळा, फोडशी, भारंगी दिसायला लागतात. दरवर्षी त्यांचे फोटो फिरतात आणि खाली "पौष्टिक", "निसर्गाची देणगी" अशी वाक्यं असतात. कोणता भाग घ्यायचा, कोणता टाकायचा, भाजी कशाने खाजते, तिच्यासारखं दिसणारं दुसरं काय उगवतं, हे मात्र कोणी लिहीत नाही. तेवढ्यासाठीच हा धागा. "आमची आजी करायची" याऐवजी प्रमाण, वेळ आणि खूण लिहा.

सुरुवात शेवळाने, कारण सगळ्यात जास्त ती बिघडते.

शेवळं म्हणजे सुरणाच्या कुळातल्या एका रानकंदाचा फुलोरा. वर तपकिरी-जांभळा कोष आणि आत उभा दांडा. घेताना कोष मिटलेला पाहून घ्या. उमललेल्या शेवळाला कुजकट वास येतो. माश्या बोलावण्यासाठी झाडाने केलेली ती सोय आहे, शिजवून तो वास पूर्ण जात नाही.

१. हाताला गोडं तेल चोळा आणि विळी-सुरी कोरडी ठेवा. शेवळं आधी धुऊन, पुसून घ्या. चिरल्यावर धुऊ नका.
२. बाहेरचा जून कोष काढून टाका. आतल्या दांड्याच्या बुडाशी दाणेदार, पिवळसर पट्टा दिसेल. ही खरी फुलं. तो भाग पूर्ण कापून टाका, अर्धा बोट जास्त गेला तरी चालेल. सगळ्यात जास्त खाज तिथे असते.
३. उरलेला दांडा बारीक चिरा. एका जुडीला (८-१० शेवळं) १०-१२ काकडं (काकड या रानझाडाची आंबट फळं) घ्या. काकडं ठेचून बी काढा, वाटीभर पाण्यात कोळा आणि गाळा.
४. चिरलेलं शेवळ ३-४ मोठे चमचे तेलात मध्यम आचेवर परता. पाणी आटून रंग गडद होईपर्यंत १०-१२ मिनिटं लागतात.
५. काकडाचं पाणी घालून झाकणाखाली २०-२५ मिनिटं शिजवा. त्यानंतर कांदा-खोबऱ्याचं भाजलेलं वाटण, तिखट, मीठ. भिजवलेले सोडे किंवा कोलंबी घालायची तर याच वेळी.
६. उतरवण्याआधी एक कण जिभेच्या टोकावर ठेवा आणि ५ मिनिटं थांबा. चुरचुरलं तर आणखी आंबट घालून १० मिनिटं शिजवा. ही चाचणी शिजलेल्या भाजीवरच करायची, कच्च्यावर कधीही नाही.

पातेलंभर

धागा वाचनखूण केला. एक शंका. काकडं सगळीकडे मिळत नाहीत. चिंच चालते का? आणि आंबटाने खाज नेमकी जाते कशी?

रानपारखी

चालते. एका जुडीला लिंबाएवढी चिंच आणि वर ५-६ आमसुलं. नुसती आमसुलं पुरत नाहीत. लिंबू तर नकोच, त्याचा रस शिजवला की कडवटतो. बाजारात शेवळं विकणाऱ्या बायकांकडे बहुतेकदा बाजूला काकडांचा वाटा असतोच, तो मागून घ्या.

खलबत्ता

खाजेचं कारण सांगतो. अळू, सुरण, शेवळं या सगळ्यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. चावताना ते जीभ-घशाच्या आवरणात रुततात. पाण्यात विरघळत नाहीत, म्हणून नुसतं उकळून पाणी टाकलं तरी भाजी खाजते. "आंबटाने सुया विरघळतात" हेही अर्धंच खरं आहे. चिंच-काकडाचं आंबट तेवढं तीव्र नसतं की सगळे स्फटिक नाहीसे व्हावेत. म्हणून एकाच उपायावर विसंबायचं नाही: फुलांचा भाग काढणं, तेलात परतणं, आंबट, आणि वेळ. चारही लागतात. घाईच्या दिवशी यातलं एक जरी वगळलं तरी पंगत घसा धरून बसते.

हाताला खाज आली तर पाण्याखाली धरू नका. आधी तेल किंवा आमसुलाचा कोळ चोळा, मग साबण. तोंडात चुरचुरलं तर दही किंवा थंड दूध. ओठ-जीभ सुजली, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास व्हायला लागला तर घरगुती उपाय करत बसू नका, सरळ दवाखाना.

तरोटावाली

आमच्या वऱ्हाडात शेवळं नाही, पण तुमच्या टाकळ्याला तरोटा म्हणतात. तुमची कर्टोली ती आमची काटवलं. नावांच्या या गोंधळामुळेच एक इशारा द्यायचा आहे.

टाकळ्यासारखाच कासविंदा उगवतो, त्याच उकिरड्यावर, त्याच दिवसांत. काही ठिकाणी त्यालाच "रानटाकळा" म्हणतात, आणि नावात टाकळा आहे म्हणून लोक खुडतात. फरक असा:

टाकळ्याच्या एका पानात पर्णिकांच्या बहुधा ३ जोड्या असतात, टोकाशी गोल आणि रुंद, देठाकडे निमुळत्या. सगळ्यात वरची जोडी मोठी. संध्याकाळी पानं मिटतात. कासविंद्याच्या ४-५ जोड्या, टोक अणकुचीदार, आणि पान चुरगळलं की उग्र घाण वास. टोकदार पर्णिका दिसली की सोडून द्या, इतकी सोपी खूण आहे.

कासविंद्याच्या शेंगा-बिया तर लहान मुलांच्या हाती लागूच देऊ नका. पश्चिम उत्तर प्रदेशात दरवर्षी लहान मुलं एका गूढ मेंदूच्या आजाराने दगावायची, त्याचा माग शेवटी याच शेंगांपर्यंत लागला होता.

माडाखाली

गोव्यात टाकळा म्हणजे तायकिळो. आमच्याकडे त्यात फणसाच्या आठळ्या घालतात आणि वर ओलं खोबरं. वेळ जुळून येते, फणस संपत आलेला असतो आणि तायकिळो नुकता वर येत असतो.

२५० ग्रॅम खुडलेल्या पानांना ८-१० आठळ्या. आठळ्यांचं पांढरं टरफल काढून, चार तुकडे करून आधी वेगळ्या उकडून घ्या, नाहीतर पानं गळून जातात आणि आठळी दाताखाली कडक येते. २ कांदे, ५-६ लसूण पाकळ्या, ३ हिरव्या मिरच्या परतून त्यावर चिरलेली पानं. पाणी घालायचं नाही, झाकण ठेवून १० मिनिटं. मीठ शेवटी. पानांचा ढीग एक तृतीयांश होतो, आणि आधी अंदाजाने घातलेलं मीठ मग तिप्पट लागतं.

टाकळा वीतभर उंचीचा असतानाच घ्यायचा. पिवळी फुलं आली की पान चिवट आणि कडू होतं.

शिंकाळे

माडाखाली, आठळ्यांबद्दल धन्यवाद. आमच्याकडे हरभऱ्याची डाळ घालतात, पण आठळीचा पिठूळपणा जास्त जुळेल असं वाटतं.

टाकळ्याने पोट साफ होतं म्हणतात, ते खरं का?

खलबत्ता

खरं आहे. सोनामुखीच्या कुळातलं झाड आहे आणि सौम्य रेचक घटक त्यातही असतात. म्हणूनच पहिल्या दिवशी एका माणसाने दोन वाट्या भाजी खाऊ नये. गरोदर बाईने आणि आधीच पोट बिघडलेल्याने टाळलेली बरी.

उंबरठा

फोडशीबद्दल कोणी लिहिलं नाही अजून. (कुलू, काळू ही याच भाजीची नावं.) ही मुसळीच्या गणातली, जमिनीत कंद असतो. गवतासारखी मऊ पाती, बुडाशी पांढरी. पात्यांच्या बेचक्यात चिखल घट्ट बसतो, म्हणून जुडी सोडून एकेक पात वेगळी करा आणि तीन पाण्यांतून काढा. खालचा पांढरा चिवट भाग आणि मधला फुलाचा दांडा असेल तर तो टाकून द्या. हे केलं नाही तर भाजी दातांत अडकते, आणि मग लोक म्हणतात फोडशी चरबट असते.

२ जुड्या, पाव वाटी मूगडाळ तासभर भिजवलेली, २ कांदे, ३ मिरच्या. आधी कांदा-डाळ परतून डाळ अर्धी शिजली की फोडशी. ७-८ मिनिटं पुरे, कुकर नको.

पण स्वतः रानातून आणणाऱ्यांनी हे नीट वाचा. पहिल्या पावसात फोडशीबरोबरच कळलावीही वर येते. कळलावीत कोल्चिसीन नावाचं विष असतं, सगळ्या भागांत, कंदात सगळ्यात जास्त. शिजवून ते जात नाही. उलट्या-जुलाब काही तासांनी सुरू होतात, तोवर जेवण विसरलेलं असतं.

रानपारखी

उंबरठा, कळलावीची खूण सगळे "पानाच्या टोकाला वळलेला धागा" अशी सांगतात. ती मोठ्या वेलीची खूण आहे. कोवळ्या कोंबाच्या खालच्या पानांना तो धागा नसतो, आणि चूक नेमकी त्याच वयात होते. त्यापेक्षा पानं कुठून निघतात ते पाहा. फोडशीची सगळी पाती जमिनीतून एकाच जागेहून निघतात, मध्ये खोड नसतं. कळलावीला खोड असतं आणि पानं त्याच्यावर उंची धरत येतात. खोड दिसलं की ती फोडशी नव्हे.

आणि फोडशी उपटायची नाही. जमिनीच्या दोन बोटं वरून कापायची. कंद राहिला तर पुढच्या पावसात तीच जागा पुन्हा हिरवी होते.

पातेलंभर

हे सगळं वाचून थोडी धास्तीच वाटली. शहरात राहणाऱ्याने सुरुवात कशाने करावी?

उंबरठा

कर्टोलीने. तिच्यासारखं दिसणारं विषारी असं बाजारात काही येत नाही, कडूही नसते. हिरवी, कोवळी घ्या. पिवळसर झालेली आतून लाल आणि बियांनी भरलेली निघते. बी कोवळं असेल तर काढू नका, त्यातच चव आहे. पातळ चकत्या, तेलावर मोकळ्या परतायच्या, झाकण नाही. झाकलं की गिच्च.

त्यानंतर कुर्डू. तुरा यायच्या आत, कोवळी पानं, माठासारखी करायची. त्यानंतर भारंगी, आणि शेवळं सगळ्यात शेवटी.

माजघर

भारंगीचं मी लिहिते. कडू असते, आणि तो कडूपणा सगळा काढून टाकला तर खायचं कशाला, हे माझं मत. पण पहिल्यांदा करणाऱ्यांनी असं करावं: शेंड्याकडची कोवळी पानं घ्या, मधली जाड शीर काढा, बारीक चिरा. उकळत्या पाण्यात चमचाभर मीठ घालून ५-७ मिनिटं उकडा, पाणी ओता, घट्ट पिळा. सोबत मोड आलेले, सोललेले वाल. वालाचा गोडूसपणा कडूवर उतारा आहे, मूगडाळीने तेवढं साधत नाही. ३ जुड्यांना एक वाटी बिरडं, भरपूर लसूण, सुपारीएवढा गूळ. दुसऱ्या वेळी उकडण्याचा वेळ ३ मिनिटांवर आणा, तिसऱ्या वेळी उकडू नका.

फुलंही खातात, निळसर-पांढरी. ती श्रावणाच्या पुढे-मागे येतात. त्यांनाही उकडून पिळायला लागतं.

कंदमूळ

श्रावण म्हटलं म्हणून विचारतो. चातुर्मासात श्रावणात शाक वर्ज्य, भाद्रपदात दही, आश्विनात दूध, कार्तिकात द्विदल असा संकेत आहे. आयुर्वेदही वर्षा ऋतूत अग्नी मंद असतो म्हणतो. मग पावसाळ्यात पालेभाज्या खाणं योग्य कसं?

माजघर

तारखा पाहा ना. शेवळं, फोडशी, टाकळा हे सगळं ज्येष्ठ-आषाढात कोवळं असतं. श्रावण लागेपर्यंत टाकळा जून झालेला असतो आणि शेवळं तर संपलेलीच. त्या महिन्यात पानांवर अळ्या, अंडी आणि चिखल सगळ्यात जास्त, हेही आहेच. ज्यांना व्रत पाळायचं त्यांना कर्टोली आहेत. आणि अग्नी मंद म्हणूनच या भाज्यांत लसूण, आलं, मिरची, हिंग सढळ असतं आणि ताटात भाजी दोन घास असते. वाडगाभर सॅलडसारखी खायची ही वस्तूच नव्हे.

न्यूजर्सीकर

इथे अमेरिकेत यांतलं एकच मिळतं, पण मुबलक: घोळ. जून ते सप्टेंबर अंगणात, फरशांच्या फटींत, कुंड्यांत तण म्हणून येते. शेतकऱ्यांच्या बाजारात विकतही मिळते. तिचाही एक जुळा आहे, दुधी नावाच्या चिकाळ तणाच्या (भोपळ्याच्या नव्हे) कुळातलं, जमिनीला चिकटून पसरणारं तण. देठ मोडून पाहा. घोळीचा देठ जाड, रसरशीत, आणि त्यातून पाण्यासारखा रस येतो. पांढरा चीक आला तर टाकून द्या. दोन्ही एकमेकांत गुंतून वाढतात, म्हणून मूठभर एकदम उपटू नका, फांदी फांदी मोडून घ्या.

लॉनवर तणनाशक मारलं असेल तर तिथली घोळ घेऊ नका, धुऊन ते जात नाही.

घोळ-डाळीत घोळ डाळ शिजल्यावर घाला, ५ मिनिटं पुरे. जास्त शिजली की बुळबुळीत होते. आंबूस असते, चिंच कमीच घाला.

तरोटावाली

आमच्याकडे तिची लहान पानांची बहीण चिवळ. ती उन्हाळ्यात येते, बेसन पेरून करतात. वाळू फार असते, धुताना पाण्याच्या तळाशी हात घालू नका, वरच्या वर उचला.

खलबत्ता

घोळ, अळू, माठ यांत ऑक्झलेट भरपूर. ज्यांना मूतखडा होऊन गेला आहे त्यांनी घोळ उकळून पाणी टाकावं (विरघळणारं ऑक्झलेट त्यात उतरतं, सुयांचं वेगळं) आणि सोबत ताक-दही घ्यावं, म्हणजे त्यातलं कॅल्शियम ते आतड्यातच धरून ठेवतं. वॉर्फरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल त्यांनी अचानक पालेभाज्यांचा सपाटा लावू नये. 'के' जीवनसत्त्वामुळे गोळीचा परिणाम कमी होतो.

सात्त्विकगंध

छान धागा! कोणती रानभाजी कोणत्या आजारावर, असा तक्ता कोणी द्याल का? आणि मी गुळवेलीचा काढा रोज घेते, पावसाळ्यात प्रतिकारशक्तीसाठी. प्रमाण बरोबर आहे का, कळवा.

खलबत्ता

तक्ता नको. भाजी भाजीसारखी खावी, औषध वैद्याला विचारून घ्यावं. दोन्ही एका ताटात आणलं की प्रमाण चुकतं.

गुळवेलीबद्दल मात्र ताई, रोज आणि महिनोन्महिने घेऊ नका. करोनाच्या काळात असा काढा घेणाऱ्या काही जणांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलं. आयुष मंत्रालयाने गुळवेलीवर ठेवलेला तो ठपका मान्य केला नाही, वनस्पतीची ओळख नीट पटवली नव्हती असा त्यांचा आक्षेप होता. वाद कुणीही जिंकला तरी तुमच्यासाठी दोन गोष्टी उरतात. एक, यकृताचा किंवा स्वप्रतिकारक आजार (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते असा) असेल तर घेऊच नका. दोन, वेल ओळखा. खऱ्या गुळवेलीची साल कागदासारखी पातळ, सोलली की निघते, आतून हिरवी. खोडावर गाठीगाठी, चामखिळीसारखे फुगवटे भरपूर असतील तर ती तिची दुसरी बहीण आहे. रोपवाटिकांतही गुळवेल म्हणून ती दिली जाते. भूक मंदावली, लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले तर काढा त्याच दिवशी थांबवा आणि रक्त तपासा.

सात्त्विकगंध

धन्यवाद. साल पाहिली, गाठी आहेत. काढा बंद.

कंदमूळ

बांबूच्या कोंबांचं राहिलं. गडचिरोलीकडे वास्ते, गोव्यात किल्ल. यातली अडचण खाजेची नाही, सायनाइडची आहे. कच्च्या कोंबात एक घटक असतो, चिरल्यावर त्यातून हायड्रोजन सायनाइड सुटतं. तो उकळण्याने जातो, पण झाकण उघडं हवं, वाफ बाहेर पडायला हवी. बाहेरची कडक आवरणं काढा, नखाने सहज टोचेल तेवढाच भाग घ्या. आडव्या पातळ चकत्या करा, उभे जाड तुकडे नकोत. २४ तास पाण्यात, पाणी तीनदा बदलून. मग भरपूर पाण्यात २०-२५ मिनिटं उघडं उकळा, ते पाणी फेका. पुढे चण्याची डाळ, खोबरं, काय हवं ते. चाखून कडू लागलं तर पुन्हा उकळा.

शिंकाळे

रानातून स्वतः आणायला कायद्याची अडचण आहे का? आमच्या गटाची रविवारची फेरी ठरते आहे, म्हणून विचारतो.

रानपारखी

राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्यातून आपल्यासारख्या बाहेरच्यांना काहीही तोडून आणता येत नाही, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे. बोरिवलीचं उद्यान, तानसा, सगळं त्यात येतं. वनांतलं गौण वनोपज (लाकूड सोडून पानं, फळं, कंद असं) गोळा करण्याचा हक्क २००६ च्या वनहक्क कायद्याने तिथे राहणाऱ्या आदिवासींना आणि पारंपरिक वननिवासींना दिलेला आहे, शहरातून आलेल्या गटाला नाही. शेताच्या बांधावर मालकाला विचारून जा, आणि तणनाशक कधी मारलं तेही विचारा. बांधावर पिवळं पडलेलं गवत दिसलं तर तिथला टाकळा घेऊ नका. रेल्वेच्या कडेचा, नाल्यावरचाही नको.

माझं मत विचाराल तर फेरी ओळखण्यासाठी काढा आणि भाजी परतताना वाटेत बसलेल्या बाईकडून घ्या. तिने पहाटे निवडलेली असते आणि शेवळाबरोबर काकडं किती, हे ती न विचारता सांगते. भाव मात्र करू नका, शेवळं शोधायला किती चालावं लागतं ते एकदा पाहा.

पातेलंभर

शेवटचं. काकडं जास्त आली तर टिकवायची कशी? शेवळं दोन आठवड्यांनी पुन्हा करायची आहेत.

माजघर

शेवळं दोन आठवड्यांनी मिळतील याची खात्री धरू नका, मोसम तेवढाच असतो. शेवळं बारीक चिरून, तेलात परतून, पूर्ण गार करून फ्रीझरमध्ये ठेवा. कच्ची गोठवली तर काळी आणि पाणचट होतात. काकडं ५ मिनिटं उकडून, बी काढून, गर बर्फाच्या ट्रेमध्ये. एका जुडीला ४ घन लागतील. काढल्यावर दोन्ही एकत्र शिजवायला २० मिनिटं द्याच. परतलेलं आहे म्हणून वेळ कमी करायचा नाही. आणि जिभेची चाचणी पुन्हा.